घरपट्टीची पावती कशी वाचावी?



आपल्या दहावीच्या पुस्तकात स्थानिक स्वराज्य संस्थांवर जेमतेम दोन-तीन पाने आहेत. परीक्षेतला प्रश्न ठरलेला असतो : १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोणते बदल झाले? उत्तरही ठरलेले असते. निवडणुका नियमित घेणे बंधनकारक झाले, अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांसाठी जागा राखीव झाल्या, महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, राज्य निवडणूक आयोग आले आणि राज्य सरकारांनी काही अधिकार व उत्पन्न खालच्या संस्थांना द्यावे असे ठरले. पाच मुद्दे, पाच गुण. पाठ केले की झाले.

याच धड्याचा एक कागद मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली पडलेला असतो. तो म्हणजे घरपट्टीची पावती. ती कोणी वाचत नाही. रक्कम बघतात आणि ठेवून देतात. तिच्यावर चार-पाच ओळी असतात आणि प्रत्येक ओळीमागे कोणीतरी घेतलेला एक निर्णय असतो. तो कोणी घेतला, कधी घेतला आणि घेताना कोणाला विचारले, एवढे शोधले तरी पुस्तकातले पाच मुद्दे आपोआप समजतात. या लेखात आपण ती पावती वाचू. माझे गाव सातारा जिल्ह्यात असल्याने उदाहरण महाराष्ट्राचे घेतो. इतर राज्यांतल्या पद्धतीविषयी पुढे थोडे येईल.

१. पावतीवरच्या ओळी

महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कराची पावती नमुना १० मध्ये देते. तिच्यावर साधारणपणे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर आणि सामान्य पाणीपट्टी या ओळी असतात. घरात स्वतंत्र नळ असेल तर विशेष पाणीपट्टीही असते. मागची थकबाकी आणि चालू वर्षाची रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत लिहितात.

कर बसवण्याचा हा अधिकार ग्रामपंचायतीला राज्याच्या कायद्याने मिळतो. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये कोणते कर व फी घेता येतील याची यादी दिली आहे. यात्रा कर आणि बाजार फी हेही त्याच यादीत आहेत. यादीत नसलेला कर कोणत्याही सरपंचाला मनाने बसवता येत नाही.

चालू वर्षाचा कर सप्टेंबरअखेर भरला तर पाच टक्के सूट मिळते आणि आर्थिक वर्ष संपले तरी न भरल्यास पाच टक्के जादा द्यावे लागतात. आपल्या घरच्या पावतीची तारीख पाहिली तर सूट मिळाली की गेली, हे लगेच कळेल.

२. रक्कम कशी ठरते?

घरपट्टीचा आकडा अंदाजाने लिहिलेला नसतो. २०१५ च्या सुधारित नियमांपासून महाराष्ट्रातील गावांत घरपट्टी भांडवली मूल्यावर ठरते. त्याचे गणित आठवीच्या मुलालाही जमेल.

समजा, घराचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, बांधकामाचा दर १०,००० रुपये आणि घर जुने असल्याने घसाऱ्याचा गुणक ०.८० धरू. (हे आकडे फक्त गणितासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक वेगळे असतात.)

जमिनीचे मूल्य : ५० × ५०० = २५,००० रुपये.
बांधकामाचे मूल्य : ५० × १०,००० × ०.८० = ४,००,००० रुपये.
एकूण भांडवली मूल्य : ४,२५,००० रुपये.

राहते घर असेल तर वापराचा भारांक १ धरला जातो. दुकान किंवा कारखाना असेल तर तो वाढतो. आता कराचा दर हजार रुपयांना एक रुपया असेल तर या घराची घरपट्टी होईल ४२५ रुपये.

यात एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. हजारी किती पैसे घ्यायचे, याचा किमान व कमाल दर राज्य सरकारच्या नियमांत प्रत्येक प्रकारच्या घरासाठी दिलेला असतो. या दोन आकड्यांच्या मधला कोणता दर लावायचा, हे ग्रामपंचायत ठरवते. दर कमी ठेवला तर लोक खूश राहतात, पण तिजोरी रिकामी राहते. दर वाढवला तर पुढच्या निवडणुकीत त्याची आठवण काढली जाते. म्हणून रस्ता, गटार, पथदिवे सगळे हवे आणि घरपट्टी मात्र किमान दरानेच हवी, अशी मागणी पुष्कळ गावांत एकाच तोंडाने होते. लोकांना विचारणे महत्त्वाचे आहे, तसे विचारल्यावर लोकांनी हिशोब करून उत्तर देणेही महत्त्वाचे आहे.

ही आकारणी दर चार वर्षांनी सुधारली जाते. प्रत्येक घराचे मोजमाप आणि त्यावरचा कर नमुना ८ च्या नोंदवहीत लिहितात. यादी पक्की करण्याआधी ती प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. घराचे क्षेत्रफळ जास्त लागले असेल, मातीचे घर पक्के लिहिले गेले असेल, तर ते सांगण्याची वेळ हीच. त्यानंतरही मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील करता येते. या प्रत्येक पायरीला मुदत आहे. नोटीस फलकावर लागते, दिवस मोजले जातात आणि मुदत संपते. नोटीस न वाचणाऱ्याची हरकत कोणी नाकारलेली नसते, ती घेतलीच गेलेली नसते.

३. रस्ता कोणाचा?

"एवढा कर भरतो, मग रस्ता का होत नाही?" हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकला आहे. त्याचे उत्तर देण्याआधी तो रस्ता कोणाचा आहे ते पाहावे लागते.

राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषद पाहते. गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांवर कोणी अडथळा केला तर तक्रार तहसीलदाराकडे जाते. महामार्गावरच्या खड्ड्यासाठी सरपंचाशी भांडून उपयोग नाही, आणि घरासमोरच्या गटारासाठी आमदारांच्या दारात जायची गरज नाही.

ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते नमुना २३ या नोंदवहीत लिहिलेले असतात. गावात त्याला नुसते 'तेवीस नंबर' म्हणतात. रस्ता पायाखाली असला तरी तेवीस नंबरला नसेल तर सरकारी पैसा त्यावर टाकताना अडचण येते.

आता पैशाचे पाहू. वरच्या हिशोबाने ४२५ रुपये घरपट्टी देणारी ४०० घरे असली तर वर्षाला १,७०,००० रुपये जमतील. त्यात दिव्यांचे बिल, पाणीपुरवठ्याची दुरुस्ती, सफाई, कर्मचाऱ्याचा पगार असे बरेच काही बसवायचे असते. काँक्रीटचा थोडासा रस्ताही काही लाखांत जातो. म्हणजे घरपट्टीतून रस्ता होणे अवघड आहे. त्यासाठी वरून येणारा निधी लागतो.

त्या निधीलाही अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या कामांसाठी बांधून दिली होती. उरलेली ४० टक्के रक्कम गावाच्या इतर गरजांसाठी होती, मात्र त्यातून पगार देता येत नव्हते. दहा लाख रुपये आले असे समजा. त्यातले सहा लाख पाणी आणि स्वच्छतेचे. रस्त्यांचा विचार उरलेल्या चार लाखांत करायचा, आणि त्यात वाटेकरी अनेक. मग खरा प्रश्न उरतो तो असा : कोणाचा रस्ता आधी?

४. तो प्रश्न कुठे सुटतो?

ग्रामसभेत. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांत आपण परीक्षेतही गोंधळ करतो. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. सदस्य पाच वर्षांनी बदलतात. ग्रामसभेचे सदस्यत्व कोणी काढून घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सभा घेण्याचा प्रघात आहे. सभेची नोटीस आधी द्यावी लागते, तिच्यात विषय लिहिलेले असतात, आणि यादीच्या शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' ही ओळ असते. वर्षाचा विकास आराखडा, अंदाजपत्रक, जमाखर्च, योजनांचे लाभार्थी हे सगळे या सभेपुढे यायला हवे.

सभा भरण्यासाठी गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जी संख्या कमी असेल ती. ४०० मतदारांच्या गावात ६० माणसे हवीत. ९०० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे १३५ होतात. १०० ही संख्या कमी, म्हणून १०० पुरतात.

तेवढी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते. पुढे जी तहकूब सभा भरते तिला गणपूर्तीची अट नसते. विषय तेच, माणसे जितकी येतील तितकी. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही, नाहीतर कामे कायमची अडकली असती. परंतु त्याचा अर्थ असा होतो की शंभर जणांनी यायचे टाळले तर वीस जणांनी घेतलेला निर्णयही कायदेशीर ठरतो. घरी बसणाऱ्यांनी आपले मत त्या वीस जणांच्या हातात दिलेले असते.

५. आमच्या वस्तीचा रस्ता

हे मला पुस्तकातून फारसे कळले नसते. आमची वस्ती गावठाणापासून सुमारे एक किलोमीटर दूर आहे. घरे चौदा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रस्त्याचा चिखल होतो. दुधाची गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते आणि काका दोन वेळा कॅन खांद्यावर घेऊन तिथपर्यंत जातात. कॅन पोहोचायला उशीर झाला तर गाडी निघून जाते आणि ते दूध घरी परत येते. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी माझी धाकटी बहीण शाळेत जात नाही.

बाबा फौजेत आहेत. घरपट्टी दरवर्षी आई भरते, तीही सप्टेंबरच्या आत. गेल्या वर्षी सुट्टीत असल्याने १ मेच्या ग्रामसभेला मी तिच्याबरोबर गेलो. मतदारयादीत नाव नसल्याने मी मागे बसून फक्त ऐकले. त्याआधीची जानेवारीतली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती. नंतरच्या तहकूब सभेत एकोणीस जणांनी वर्षभराच्या कामांची यादी मंजूर केली होती. त्या एकोणीस जणांत आमच्या वस्तीवरचे कोणी नव्हते.

आई उभी राहिली आणि म्हणाली, "सरपंचताई, आमच्या चौदा घरांची पट्टी एका पैशानं थकलेली नाही. पावत्या आणल्यात. आमचा रस्ता यादीत का नाही, तेवढं सांगा."

ग्रामसेवकांनी वही उघडली. "वहिनी, रस्ता तेवीस नंबरलाच नाही. नोंद नसेल तर काम कसं घेणार?"

"मग नोंद करा," सरपंचताई म्हणाल्या.

"ज्यांच्या जमिनीतून जातो त्यांची संमती लागेल."

रस्ता तिघांच्या शेतांतून जातो. दोघांनी तिथेच होकार दिला. तिसरे आबा, वय सत्तरच्या पुढे, ते मात्र उठून म्हणाले, "माझी सगळी मिळून दीड एकर. बारा फूट रस्ता मधून काढला तर मला राहिलं काय? आणि इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंय का?"

सभा गप्प झाली. खरोखरच त्यांना कोणी विचारले नव्हते. वस्तीवरची माणसे गेली कित्येक वर्षे त्यांच्या शेतातून जा-ये करत होती आणि ते काही बोलत नाहीत म्हणजे त्यांची हरकत नाही, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

त्यानंतर दोन आठवड्यांनी चार-पाच माणसे टेप घेऊन शेतात गेली. मीही गेलो होतो. रस्ता शेताच्या मधून न नेता ओढ्याकडच्या बांधाने वळवायचा आणि आबांच्या हद्दीत आठच फूट ठेवायचा, असे ठरले. अंतर थोडे वाढले, पण आबांनी संमतीच्या कागदावर सही केली. पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला, सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात लिहिली गेली, आणि रस्ता नोंदीला लागला. दिवाळीपर्यंत दोन तृतीयांश रस्त्यावर मुरूम पडला. ओढ्याजवळचा तुकडा अजून तसाच आहे, कारण तिथे आधी मोरी बांधावी लागेल. दुधाची गाडी आता ओढ्यापर्यंत येते. काकांचे चालणे निम्म्याहून कमी झाले. पूर्ण थांबलेले नाही.

आईने फोनवर बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ठराव क्रमांक काय?" आईने तो वहीत लिहून ठेवला होता. मोरीचे काम पुढच्या आराखड्यात आले नाही तर तिला पुन्हा उभे राहून तोच क्रमांक सांगावा लागणार आहे.

६. आदेश आणि ठराव

वसतिगृहात हा विषय निघाला तेव्हा एका मित्राने वाद घातला. तो म्हणाला, "एवढ्या लोकांना विचारत बसलं तर काम कधी होणार? सरळ हुकूम द्यावा आणि रस्ता करून टाकावा." आपल्यासारख्यांना हे पटकन पटते. सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत आपला दिवस आदेशावर चालतो, आणि ते योग्यच आहे. कवायतीच्या मैदानावर 'दाहिने मुड' ऐकल्यावर कोणी हरकत नोंदवू लागला तर कंपनी जागीच उभी राहील.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आबांची. त्यांना न विचारता बारा फूट रस्ता काढला असता तर ते न्यायालयात गेले असते आणि त्यांची बाजू बरोबर ठरली असती. विचारायला दोन आठवडे गेले. न विचारता किती वर्षे गेली असती, सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट लष्कराच्याच छावणीची आहे. कॅन्टोन्मेंट बोर्ड, ज्याला मराठीत कटक मंडळ म्हणतात, २००६ च्या कायद्याप्रमाणे चालते. त्याचे अध्यक्ष पदसिद्ध असतात आणि ते म्हणजे स्टेशनचे कमांडिंग अधिकारी. त्या अधिकाऱ्यांचा शब्द तुकडीत अंतिम असतो. पण छावणीतील रहिवाशांवर नवा कर बसवायचा असेल तर त्याच अधिकाऱ्यांच्या मंडळाला आधी प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. कोणीही रहिवासी तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेऊ शकतो. मंडळाला ती विचारात घ्यावी लागते आणि वरून मंजुरी मिळाल्यावरच कर लागू होतो. दुकानदार असो वा धोबी, त्याचा अर्ज ब्रिगेडियरसाहेबांच्या टेबलावर जातो, आणि साहेबांना तो वाचावा लागतो.

आदेश ज्यांना दिला जातो त्यांनी तो पाळण्याची शपथ घेतलेली असते. कर ज्यांच्याकडून घेतला जातो त्यांनी अशी कोणतीही शपथ घेतलेली नाही. पैसा त्यांचा आहे, जमीन त्यांची आहे, म्हणून त्यांना आधी विचारायचे आणि मग ठराव करायचा. मित्राचे पूर्ण समाधान झाले नाही. तो म्हणाला, "पण ओढ्यावरची मोरी अजून झाली नाही ना?" तेही खरे आहे.

७. इतर राज्यांत काय?

ही सगळी व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने त्रिस्तरीय पंचायतीची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंनी पंचायत राज्याचे उद्घाटन केले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. म्हणून तो दिवस राष्ट्रीय पंचायत राज दिन असतो. शहरांसाठीची ७४ वी दुरुस्ती त्याच वर्षी १ जूनला लागू झाली.

घटना एक असली तरी तपशील राज्यागणिक बदलतो. केरळमध्ये पंचायती मोठ्या असल्याने ग्रामसभा प्रभागवार भरते आणि तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावी लागते. नागालँड, मेघालय आणि मिझोराम या राज्यांना घटनेतील पंचायतींचा भाग लागू नाही. नागालँडमध्ये गावाची ग्रामपरिषद आणि ग्रामविकास मंडळ कारभार पाहते. शहरात राहणाऱ्या मित्रांनी पुण्याचे उदाहरण पाहावे. तिथल्या महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बसथांबा, पथदिवा अशी आपल्या भागातली छोटी कामे अर्ज भरून सुचवता येतात. तिथेही अर्जाला शेवटची तारीख असते.

८. आपला संबंध काय?

आपण पंधरा-सोळा वर्षांचे आहोत. मतदारयादीत नाव यायला अजून दोन-तीन वर्षे आहेत. त्यानंतर आपल्यापैकी पुष्कळ जण अकादमीत जातील आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे गावापासून लांब काढतील. निवडणुकीत सैनिकाला टपालाने मत देता येते. ग्रामसभेत मात्र टपालाने हात वर करता येत नाही. म्हणजे आपल्या घरासमोरचा रस्ता, गटार, दिवा यांचे बहुतेक निर्णय आपण तिथे नसताना होणार आहेत.

महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या मालमत्ता करातून सूट देण्याची योजना आहे. हा मान आहे आणि तो आनंदाने घ्यावा. पण कर माफ झाला म्हणून प्रश्न विचारणेही माफ झाले असे नाही. उलट निवृत्तीनंतर गावी परतलेल्या फौजीला नियम वाचायची सवय असते, वेळेवर हजर राहायची सवय असते, आणि ग्रामसभेला नेमकी हीच माणसे कमी पडतात. नोकरीत असताना आपल्या जागी घरातले कोणी जाऊ शकते. आराखड्यातील कामे आणि त्यांवरचा खर्च सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहता येतो, तोही चौकीत बसून, नेटवर्क असेल तर. एखादी माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

सुट्टीत करून पाहा

१. घरपट्टीची पावती शोधा. तिच्यावरची प्रत्येक ओळ वाचा आणि कोणता कर कशासाठी आहे ते घरच्यांना विचारा. भरल्याची तारीख पाहा. सूट मिळाली का?

२. नमुना ८ मध्ये आपल्या घराचे क्षेत्रफळ किती लिहिले आहे ते पाहा. मग टेपने घर मोजा. दोन आकडे जुळतात का?

३. आपल्या घरासमोरचा रस्ता कोणाचा आहे ते शोधा. ग्रामपंचायतीचा असेल तर तेवीस नंबरला त्याची नोंद आहे का, आणि रुंदी किती लिहिली आहे?

४. ग्रामपंचायतीच्या फलकावरची सर्वांत नवी नोटीस वाचा. हरकतीची मुदत असेल तर तिला किती दिवस उरले आहेत ते मोजा.

५. १ मे किंवा १५ ऑगस्टला घरी असाल तर ग्रामसभेला जाऊन मागे बसा. किती माणसे आली ती मोजा आणि गणपूर्तीचे गणित स्वतः करून पाहा. सभा तहकूब झाली तर तहकूब सभेची तारीख लिहून घ्या आणि ती घरातल्या मोठ्यांना आठवणीने सांगा.

जय हिंद!